नाव, गट नंबर, रक्कम : अतिवृष्टीच्या यादीसाठीच्या प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आजपासून वही सुरू. काम एवढंच: सप्टेंबरच्या अतिवृष्टीत आमच्या मांजराकाठच्या गावात कुणाला किती अनुदान मिळालं, त्याची यादी माहिती अधिकारात मागायची आणि शेतावर जाऊन ताडून बघायची. आम्ही तिघं आहोत. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत, अर्ज त्यांच्या अक्षरात जाणार. दादांचं नदीलगत साडेतीन एकर रान आहे, त्यातली एकरभर माती पुराने नेली.

७ ऑक्टोबरला सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००. मर्यादा दोनवरून तीन हेक्टर. रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० वेगळे. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख. हे दर गावात पोरासोरांना पाठ आहेत. खात्यावर मात्र एकाच्या अठराशे, बांधाला बांध असलेल्या दुसऱ्याच्या एकवीस हजार. पूर एकच होता, दोघांचं सोयाबीनही एकाच रात्रीत पाण्याखाली गेलं. आता पारावर जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघतोय. यादी समोर आल्याशिवाय हे मिटायचं नाही.

त्यात एक नवी अडचण. गेल्या शुक्रवारी, १४ नोव्हेंबरला, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम राजपत्रात आले. कायदा २०२३ चा, राष्ट्रपतींची संमती ११ ऑगस्ट २०२३ ची. सव्वादोन वर्षं तो कागदावरच होता. आता टप्प्याटप्प्याने लागू होतोय, आणि पहिल्याच टप्प्यात कलम ४४(३) लागू झालं. या कलमाने माहिती अधिकार कायद्यातलं ८(१)(ञ) बदलून टाकलं. कचेरीत सगळे त्याला ‘आठ-एक-जे’ म्हणतात.

जुनं कलम काय होतं ते इथे उतरवून ठेवते, पुढे लागेल. वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी काही संबंध नाही, किंवा ती दिल्याने त्या माणसाच्या खाजगी आयुष्यात विनाकारण ढवळाढवळ होते, हे दिसावं लागे. तसं दिसलं तरी व्यापक जनहित असेल तर ती द्यायची. आणि खाली एक परंतुक: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. पारावरच्या माणसाला आमदाराच्या पंगतीला बसवणारी ओळ होती ती. मी वकिलीत पहिल्यांदा वाचली तेव्हा दोनदा वाचली होती.

नव्या कलमात नाकारायला एवढंच पुरतं: वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती. परंतुक गेलं, जनहिताची तुलना गेली.

शिल्लक काय? कलम ८(२) आहे: संरक्षित हितांना होणाऱ्या हानीपेक्षा जनहित मोठं असेल तर सार्वजनिक प्राधिकरण माहिती ‘देऊ शकेल’. कलम ४(१)(ख)(बारा) आहे: अर्थसहाय्य कार्यक्रमांच्या लाभधारकांचा तपशील कुणी न मागता प्रसिद्ध करायचा. कलम १० आहे: देता येईल तेवढा भाग वेगळा करून द्यायचा. या तिघांवर आमचा अर्ज उभा करायचा.

२० नोव्हेंबर

सरांच्या ओसरीवर बैठक. काय मागायचं यापेक्षा काय मागायचं नाही यावर जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडून चूक झाली होती. तेव्हाच्या अनुदानाची यादी कुणीतरी दिली आणि आम्ही तिचा फोटो जसाच्या तसा गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. नावापुढे मोबाइल नंबर होता, खाते नंबर होता. आठवड्यात शेजारच्या मावशींना फोन आला, ‘तुमची केवायसी राहिलीय, अनुदान परत जाईल.’ समोरच्याला त्यांचं नाव, गाव, रक्कम सगळं माहीत होतं, म्हणून त्यांनी विश्वास ठेवला. नऊ हजार चारशे रुपये गेले. ते परत आले नाहीत. फोटो मी टाकला होता.

त्यामुळे डेटा संरक्षणाचा कायदा नको असं मी म्हणणार नाही. तो हवाच होता. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो निकाल माझ्या टेबलावर असतो. पण त्याच निकालात मोजमापही आहे: राज्याला या हक्कात हात घालायचा तर कायदा हवा, कायदेशीर उद्देश हवा आणि हस्तक्षेप त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा. माणसाचा खाजगीपणा आणि गावाचा हिशोब, दोन्ही हक्कच. त्यांच्यातला तोलही प्रमाणानेच व्हायला हवा. खाते नंबर झाकणं प्रमाणात बसतं. नाव झाकलं की हिशोबच झाकला जातो.

ठरलं: नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, पीक, रक्कम, तारीख. आधार, खाते, मोबाइल नको, हे अर्जातच लिहायचं.

दादांनी विचारलं, निराधारांची यादीपण मागायची का? संजय गांधी निराधार योजनेतही नावं घुसवलीत असं गावात बोललं जातं. मी नको म्हणाले. त्या यादीत कुणी परित्यक्ता आहे, कुणी क्षयाचा रुग्ण, कुणी एचआयव्हीचा. लाभ कशाखाली मिळतो तेच त्या माणसाचं दुखणं आहे. ते देवळाच्या भिंतीवर लागलं तर त्या बाईला उद्या पाणवठ्यावर जाता येणार नाही. पूर सगळ्यांच्या देखत आला, त्यात लपवण्यासारखं काही नाही. निराधारांचं काम कधी केलंच तर फक्त संख्या आणि रकमा मागू.

दादांना हे पटायला चहाचे दोन कप लागले. पटलं.

२४ नोव्हेंबर

अर्ज दिला. जोडपत्र ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमदुरुस्तीने एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द एवढीच मुभा आहे. सरांनी तीनदा लिहून १३८ शब्दांत बसवलं. यादीबरोबर पंचनाम्यांच्या प्रतीही मागितल्या, विषय एकच आहे.

आवक-जावकला गर्दी. नगरपालिकांच्या निवडणुका तोंडावर, निम्मा स्टाफ त्या कामाला. पोच मिळाली, शिक्का नीट उमटलाय ते बघून घेतलं. तीस दिवस म्हणजे २४ डिसेंबर.

१९ डिसेंबर

वेळ अमावस्या, रानात जाऊन पूजा आणि जेवण करायचा सण. आज काम नाही. दादांच्या रानात कोप, म्हणजे पूजेची कडब्याची खोपी, केली, भज्जी आणि आंबील. दरवर्षी कोप नदीच्या अंगाला असते, यंदा वरच्या बांधाला घातली. खाली नुसती गोटे-वाळू उघडी पडली आहे.

जेवण झाल्यावर आबा बोलले. आबांचं वय ऐंशीच्या घरात. ‘बाहत्तरच्या दुष्काळात आमी खडी फोडायला जात होतो. मस्टरवरली नावं झाडाखाली उभा राहून मोठ्यानं घ्यायचे. सगळ्याच्या समोर. मेलेल्या माणसाचं नाव निघालं की बाया मनायच्या, आता त्यो वरून येतो का काय सुकडी खायाला? मग कारकुनाला ते खोडावंच लागायचं.’

मी वही काढून तिथेच लिहून घेतलं. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किरानाला पहिली जनसुनवाई घेतली, ती याच रीतीची: मस्टर गावासमोर वाचायचं आणि ज्याचं नाव आहे त्यालाच विचारायचं. माहिती अधिकार कायद्याची एक मुळी तिथे आहे. नाव गाळून मस्टर वाचलं असतं तर कोण उठून बोललं असतं?

२३ डिसेंबर

उत्तर आलं, मुदतीच्या एक दिवस आधी. साडेचार ओळी. ‘मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तींच्या वैयक्तिक माहितीशी संबंधित असल्याने कलम ८(१)(ञ) (सुधारित) अन्वये देता येत नाही.’ पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या एका निकालाचा उल्लेख. पंचनाम्यांनाही तेच कारण. कलम ८(२) चा विचार केला की नाही, एक शब्द नाही. कलम १० वरही नाही.

दादा म्हणाले, ‘माझं सोयाबीन गेलं हे खाजगी कधीपासून झालं?’

२७ डिसेंबर

दिवसभर निकाल वाचले.

ऑक्टोबर २०१२ च्या निकालात मागणी होती ती एका सरकारी कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, त्याची मालमत्ता, आयकर विवरणपत्रं यांची. न्यायालयाने ती वैयक्तिक माहिती ठरवली आणि व्यापक जनहित दिसत नाही म्हणून नाकारली. तेरा वर्षं हा निकाल कुठल्याही नावावर डकवला जातोय. त्यात सरकारी तिजोरीतून वाटलेल्या अनुदानाच्या यादीचा प्रश्नच नव्हता. शिवाय तिथेही जनहिताची तपासणी केली होती. निकालाचा आधार घ्यायचा आणि त्यातली तपासणी सोडायची, हे चालणार नाही.

१३ नोव्हेंबर २०१९ च्या पाच न्यायमूर्तींच्या निकालाने सरन्यायाधीशांचं कार्यालय माहिती अधिकाराखाली आणलं. तिथेही सूत्र तेच: खाजगीपणा एका पारड्यात, जनहित दुसऱ्या पारड्यात, आणि प्रत्येक प्रकरणात तोलून बघायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्याच्या जिल्हा न्यायालयातल्या लिपिक भरतीत इतर उमेदवारांचे गुण उघड करण्याच्या बाजूने निकाल दिला. सार्वजनिक भरतीतले गुण सार्वजनिक कामाशी जोडलेले आहेत, हा धागा. अडचण ही की हे सगळे निकाल जुन्या कलमावरचे. आता तराजू त्या कलमात नाही, तो फक्त ८(२) मध्ये उरलाय, आणि तिथे ‘देऊ शकेल’ असा शब्द आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. दुरुस्तीवर टीका झाली तेव्हा केंद्र सरकारच्या बाजूने सांगितलं गेलं की डेटा कायद्याच्या कलम ३ मुळे काही बिघडत नाही. जी माहिती एखाद्या कायद्याच्या बंधनाने प्रसिद्ध केली जाते, तिला हा कायदा लागूच नाही. ते कलम मी उघडून बघितलं, ३(ग)(दोन) मध्ये तसं आहे. पण ते लागू कधी होणार? नियम प्रसिद्ध झाल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या मध्याला. माहिती फुटली तर कळवण्याचं बंधन, चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क, दंड, हे सगळं तेव्हाच. मावशींसारख्यांना ज्या कलमांचा उपयोग, ती दीड वर्षाने. यादी अडवणारं कलम त्याच दिवशी. हे मला अन्यायाचं वाटतं आणि अपिलात तसंच लिहिणार आहे.

४ जानेवारी २०२६, रविवार

कलम ११ चा मुद्दा काढतील, त्रयस्थ पक्षाला विचारायला हवं म्हणतील, असं धरून आम्हीच विचारायला निघालो. एका ओळीचं संमतीपत्र: ‘मला मिळालेल्या अतिवृष्टी अनुदानाबाबत माझे नाव, गट नंबर, क्षेत्र व रक्कम जाहीर करण्यास माझी हरकत नाही. माझा खाते, आधार व मोबाइल क्रमांक जाहीर करू नये.’

गावात १५६ खातेदार. चार दिवस फिरलो. सकाळी माणसं रानात, म्हणून दिवेलागणीनंतर. १४३ सह्या आणि अंगठे झाले.

ज्या तेरा जणांनी नाही म्हटलं, त्यांच्याकडे मी एकटी पुन्हा गेले. मन वळवायला गेले नव्हते, कारण समजून घ्यायला गेले होते. एक ताई विधवा. जमीन सासऱ्यांच्या नावची होती, वारस नोंद होऊन हिचं नाव लागलं आणि पैसे हिच्या खात्यात आले. दिरांना आकडा माहीत नाही. ‘यादी लागली की त्याच रात्री दारात येत्याल. मग तुमी येणार का सोडवायला?’ मी उत्तर दिलं नाही. एकाने सावकाराला अजून काहीच आलं नाही असं सांगितलंय. दोन भावांत वाटणीचा दावा चालू आहे. एका म्हाताऱ्याने नुसतं नाही म्हटलं आणि कारण सांगायला तो बांधील नाही.

रात्री सरांकडे यावर वाद झाला. दादांचं म्हणणं, सरकारी पैसा घेतला की नाव लागलंच पाहिजे. नियम म्हणून ते बरोबर आहे आणि कार्यालयाशी भांडताना मी तोच नियम सांगणार आहे. पण कार्यालयाने यादी देणं वेगळं आणि ती आम्ही कुठे, कशी लावतो ते वेगळं. आम्ही शब्द दिला आहे की भिंतीवर या तेरा जणांचं नाव येणार नाही. त्यांच्या ओळी राहतील, रक्कम राहील म्हणजे बेरीज जुळेल, नाव आणि गट नंबर झाकलेला. पूर्ण प्रत सरांकडे, ज्याला तपासायची त्याने सही करून तिथे बसून बघावी.

९ जानेवारी

प्रथम अपील दाखल. जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचा स्टॅम्प. मुद्दे पाच: ४(१)(ख)(बारा), ८(२) चा विचारच नाही, कलम १०, १४३ संमतीपत्रं, आणि कलम १९(५), म्हणजे नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी नाकारणाऱ्यावर.

सहावा मुद्दा सरांनी सुचवला. गट नंबर टाकला की महाभूलेखवर सातबारा दिसतो, त्यावर खातेदाराचं नाव असतं. नाव आणि गट नंबर सरकारने स्वतःच जगापुढे ठेवलेत. मग यादीत झाकायचं उरतं काय, तर फक्त रक्कम. आणि रक्कम तर सरकारी तिजोरीची.

२६ जानेवारी

ग्रामसभा. यादी चावडीवर वाचावी असा ठराव झाला, विरोध नाही. ठरावाची प्रत घेतली.

१७ फेब्रुवारी

सुनावणी. तारीख एकदा पुढे गेली होती, आज चाळीस मिनिटं चालली.

जन माहिती अधिकारी तरुण आहेत. सुरुवातीला कागदावरचं वाचत होते. मग कागद खाली ठेवून म्हणाले, ‘मॅडम, खरं सांगतो, अडीचशे कोटींचा दंड आहे म्हणतात. उद्या कुणी तक्रार केली तर मी कुठे जाऊ?’ ही भीती खोटी नव्हती. त्यांच्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला संदेश त्यांनी दाखवलाही. मी सांगितलं, २५० कोटी ही कमाल मर्यादा आहे, डेटा सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर. ती तरतूद अजून लागू नाही. आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलम २१ ने सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर खटला चालत नाही. कलम २१ त्यांनी उघडून स्वतः वाचलं. वर्षानुवर्षं आम्ही त्यांना कलम २० दाखवत आलो, रोजचे २५० आणि कमाल २५,००० रुपये दंडाचं. एकविसावं कुणी दाखवलं नव्हतं. यापुढे दोन्ही एकत्र दाखवायची, हे स्वतःसाठी लिहून ठेवते.

खरी झुंज चार-एक-ख-बारावर झाली. त्यांचं म्हणणं, ते कलम अर्थसहाय्य कार्यक्रमांसाठी आहे, ही आपत्तीतली मदत, कार्यक्रम नव्हे. मी त्यांच्याच कार्यालयाचं पत्र पुढे केलं. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं: ‘अतिवृष्टी अनुदान वाटप’. दर ठरलेला, निकष ठरलेले, लाभार्थी ठरलेले. गावात तर याला आजही मावेजा, म्हणजे भरपाई, म्हणतात, पण कागदावर अनुदान आहे आणि कागदच पुढे ठेवला.

अपिलीय अधिकाऱ्यांनी संमतीपत्रांचा गठ्ठा पान-पान उलटून बघितला. अंगठ्यांपाशी थांबले. ‘हे सगळे तुम्ही घरोघर जाऊन घेतले?’ दादा म्हणाले, ‘हाव. तेरा जण नाई मनले. त्येंचंबी खरं हाय.’

२० फेब्रुवारी

आदेश हातात. अपील अंशतः मंजूर. यादी पंधरा दिवसांत द्यावी: नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, रक्कम, नाकारल्याचं कारण. खाते, आधार, मोबाइल झाकावेत. कारणमीमांसेत ८(२) चा उल्लेख आहे आणि अनुदान सार्वजनिक निधीतून दिलंय असं स्वच्छ वाक्य आहे. पंचनाम्यांच्या प्रती मात्र नाकारल्या, त्यावर पंचांची नावं, सह्या आणि फोन नंबर आहेत म्हणून. कलम १० यादीला लागू आणि पंचनाम्याला नाही, हे का, ते आदेशात नाही.

६ मार्च

आठ पानं, सोळा रुपये. गाडीतच वाचायला सुरुवात केली.

१५ मार्च

नऊ दिवस शेत-शेत फिरून ताळा घेतला. गावाला मोठ्या घोटाळ्याची अपेक्षा होती. तसं निघालं नाही आणि ते मी गावासमोर तेवढ्याच मोठ्याने सांगणार आहे. सगळ्यात जास्त संशय ज्या घरावर होता, त्यांचं क्षेत्र, पीक, रक्कम चोख आहे. चार महिने ते लोक पारावर यायचे बंद झाले होते.

जे निघालं ते असं. सात जणांच्या क्षेत्रात आकडा चुकलाय. एका मावशींचं बाधित क्षेत्र १ हेक्टर २० आर, यादीत ०.२०. म्हणजे १०,२०० च्या जागी १,७००. टाइप करताना एक हेक्टर गेला आणि कुणाला कळलं नाही, कारण खात्यावर फक्त रक्कम येते, ती कशाच्या हिशोबाने आली ते येत नाही. मावशींना वाटत होतं सरकारने एवढंच दिलं. तिघं वारस नोंद न झाल्याने नाकारलेले. त्यातल्या दोघांना आपण नाकारले गेलोय हेच माहीत नव्हतं, ते अजून वाट बघत होते. दोन नावं अशी की त्या गटात यंदा पेराच नव्हता. त्याबद्दल नावानिशी लेखी विचारणा करणार, भिंतीवर काही लिहिणार नाही. त्यांचं म्हणणं अजून ऐकलेलं नाही.

आणि दादा. त्यांच्या गटापुढे पीक नुकसान आहे, खरडून गेलेली जमीन नाही. एकरभर माती गेली त्याचा उल्लेखच नाही.

१८ मार्च

उद्या पाडवा, म्हणून आजच यादी लावली, चावडीच्या आतल्या भिंतीवर, काचेमागे. फोटो काढू नये अशी पाटी लावली. काढणारे काढतील, पण त्यात आता कुणाचा फोन नंबर नाही. संध्याकाळी सरांनी मोठ्याने वाचली. नाव, गट, क्षेत्र, रक्कम. तेरा ठिकाणी फक्त ‘एक खातेदार’ आणि रक्कम. मला वाटलं होतं तिथे कुजबुज होईल. एकाने विचारलं, आबा म्हणाले, ‘त्येंची त्येंला ठावं. बेरीज जुळती ना? वाच म्होरं.’

बेरीज जुळली.

१ हेक्टर २० आरवाल्या मावशी वाचन संपल्यावर काचेपाशी गेल्या आणि ०.२० वर बोट ठेवून नातवाला दाखवत होत्या.

२७ मार्च

सात जणांचे दुरुस्ती अर्ज सातबारा, आठ-अ आणि यादीच्या पानासह दिले, पोच घेतली. वारस नोंदीसाठी तिघांचे फेरफाराचे कागद सर जुळवतायत.

दादांनी स्वतःच्या गटाच्या पंचनाम्यासाठी स्वतःच्या नावाने वेगळा अर्ज टाकलाय. स्वतःबद्दलची माहिती मागणाऱ्याला त्रयस्थ कोण? उत्तराची मुदत २६ एप्रिल.

उरलेल्या पंचनाम्यांसाठी दुसरं अपील, राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे. जोडपत्र ‘क’, २० रुपयांचा स्टॅम्प, आदेश मिळाल्यापासून नव्वद दिवस, म्हणजे २१ मे. मुद्दा एकच ठेवते: पंचांचा फोन नंबर झाका, पंचनामा द्या.

दादा सकाळी शेतात जाऊन पुन्हा फोटो काढून आले. या वेळी मागे नदी आणि पुढे वरच्या बांधाचा दगड, दोन्ही एकाच फोटोत येतील असे.